वाकळेवरील फुलकाम

चैत्र-वैशाखांत रब्बीचीं खळीं उरकून शेतांतील काम हलकें झालें, म्हणजे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पुष्कळ घरांतून जुन्या लुगड्यांचीं व धोतरांचीं गांठोडीं बाहेर निघतात. त्यांतून गोधडी, म्हणजे आपल्याकडील वाकळ, तयार होते. हें काम बायका आपसांत शिकतात व शिकवितात. शेतकीच्या मासिकांत त्याला जागा क्वचितच मिळते. परंतु जिच्यावर घरांतील माणूस रोज निजतो, व जिच्यासाठीं घरच्या मनुष्यबळाचे कित्येक दिवस खर्चीं पडतात, ती वस्तु शेतकऱ्याच्या हिशेबाबाहेर राहावी याला कांहीं कारण नाहीं. प्रस्तुत लेखांत ठिगळें जोडून केलेल्या पायावर कापडाचीं फुलें कशीं लावावीं, याचा विचार केला आहे.

फूल हें केवळ शोभेचें अंग नव्हे. जोडाची वाकळ प्रथम उसवते ती चार ठिगळांचे कोपरे जेथें मिळतात तेथें. फूल नेमकें त्या जागीं बसविलें, तर दुबळ्या ठिकाणीं एक थर वाढतो व जोड झांकून सुरक्षित राहतो. पुष्कळ वाकळांवर फुलें ठिगळाच्या मधोमध लावलेलीं आढळतात. तीं नीटस दिसतात खरीं, पण कापड जेथें आधींच मजबूत आहे तेथेंच भर घालतात. आमचा कौल पहिल्या पद्धतीला आहे.

कापडाची निवड हा या कामाचा सर्वांत कठीण भाग होऊन बसला आहे. पूर्वीं लुगडें, धोतर, मांजरपाट हीं सुताचींच असत. हल्लीं गांठोड्यांतून निघणाऱ्या साड्या बहुतेक पॉलिस्टरच्या असतात. ज्याच्या रानांत कपाशी उभी आहे त्याच्याच घरीं खनिज तेलापासून काढलेल्या धाग्याचें पांघरूण असावें, ही गोष्ट नवलाची आहे. दोहोंचें मिश्रण वाकळेंत करूं नये. पॉलिस्टर घाम शोषीत नाहीं, त्याची कड नीट दुमडून राहत नाहीं, आणि विस्तव लागल्यास तें वितळून अंगाला चिकटतें. चुलीजवळ निजणाऱ्या लेंकराच्या पांघरुणांत तर तें मुळींच नसावें. पारख सोपी आहे. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून, तो चिमट्यांत धरून पेटवावा. सुताचा धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा आकसून त्याची कठीण गोळी बनते. मिश्र कापडांत राख व गोळी दोन्हीं सांपडतात. त्यानंतर कापड उजेडासमोर धरावें. जें विरळ दिसेल व हलक्या ओढीनें फाटेल तें आंतील भरावासाठीं ठेवावें, पायासाठीं किंवा फुलांसाठीं घेऊं नये.

पायासाठीं ९ इंच चौरस तुकडे घ्यावे. ते कात्रीनें कापण्यापेक्षां धाग्याच्या सरळ रेषेंत फाडलेले बरे, म्हणजे वाकळ एका बाजूस ओढली जात नाहीं. चोहोंकडून अर्धा इंच शिवणींत गेला कीं तुकडा ८ इंचांचा उरतो. असे रुंदींत ६ व लांबींत ९, म्हणजे एकूण ५४ तुकडे जोडले कीं ४ फूट रुंद व ६ फूट लांब पाया होतो. ४५ इंच पन्ह्याच्या कापडांतून यासाठीं सुमारें पावणेतीन वार पुरतें. जुन्या लुगड्यांत झिजलेला भाग वगळावा लागत असल्यामुळें दोन निराळ्या रंगांचीं लुगडीं घेणें सोयीचें, व आळीपाळीनें रंग लावल्यास दिसतेंही चांगलें. आधीं ओळी शिवून मग ओळी एकमेकींस जोडाव्या. एका ओळींतील शिवणी उजवीकडे व पुढच्या ओळींतील डावीकडे दुमडाव्या, म्हणजे कोपऱ्याशीं कापडाचा गोळा होत नाहीं व सुई अडत नाहीं. नवें कापड वापरावयाचें असल्यास तें आधीं भिजवून आटवून घ्यावें.

अशा पायावर आंतील कोपरे ४० येतात. सर्व ठिकाणीं फुलें लावल्यास गर्दी होते. एक सोडून एक अशीं २० फुलें व उरलेल्या २० जागीं एखादें पान किंवा रुपयाएवढी चकती पुरे. फुलाचा नमुना शोधण्यास दूर जावयास नको. गावरानी कपाशीचें फूल पिवळें असून त्याच्या पाकळीच्या मुळाशीं तांबडा डाग असतो. अमेरिकन जातीचें फूल उमलतांना फिक्कट दुधी असतें व दुसऱ्या दिवशीं गुलाबी होतें. पाकळ्या दोहोंच्याही पांचच. प्रत्येक पाकळी सुमारें ३ इंचांची निराळी कापावी व एकीची कड दुसरीखालीं सारीत जावी. झाडावरही त्या अशाच एकीवर एक वळलेल्या असतात. मध्यें तांबडी चकती बसविली कीं फूल पुरें होतें. पाकळीची गोल कड धाग्याच्या तिरप्या रेषेंत येईल असें कापावें, म्हणजे ती सुरकुती न पडतां दुमडते. पाव इंच कड आंत घेऊन बारीक तुरपाई करावी. देंठासाठींही तिरपी कापलेली पट्टीच घ्यावी. सरळ पट्टीला वळण देतां येत नाहीं. हें सर्व काम भराव घालण्यापूर्वीं, एकेरी पायावर, उरकावें.

ही कला आपल्या मुलुखापुरती नाहीं. सिंध व राजस्थानांतील रल्ली, बंगालची कांथा या तिच्याच बहिणी होत. उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या भागांतील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर घडीचे तिकोनी तुकडे लावतात व त्यांना फुलेंच म्हणतात. अठराव्या शतकांत मच्छलीपट्टणच्या बाजूची छीट समुद्रापार जाई, व तिच्यांतील छापील फुलें कापून युरोप-अमेरिकेंतील स्त्रिया आपल्या पांघरुणांवर लावीत. इंग्लंडनें १७२१ सालीं छापील सुती कापडाच्या वापरास कायद्यानें मनाई केली. ती १७७४ पर्यंत टिकली. त्या किनाऱ्यावरील मागांना वऱ्हाड-दख्खनचा कापूस लमाणांच्या बैलांवरून पोंचत असे. नांदेड जिल्ह्यांतील तांड्यांत त्याच समाजाच्या वृद्ध स्त्रियांचें आरसे-कवड्यांचें भरतकाम ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना रंग कसे निवडावे हें निराळें सांगावयास नको.

आतां थर. सारवलेल्या कोरड्या जमिनीवर तळाचें लुगडें ताणून पसरावें, त्यावर भरावाचे तीन-चार थर, व सर्वांवर फुलांचा पाया. मध्यापासून कडेकडे मोठे कच्चे टांके घालावे. ही पायरी टाळली तर मध्यें फुगवटा येतो व तो मागाहून निघत नाहीं. मग जाड सुती दोऱ्यानें कडेपासून आंत, चौकोनामागून चौकोन, धांवदोरा घालीत जावें. ओळींमध्यें एक इंच अंतर ठेवावें. फूल आलें कीं ओळ मोडून त्याच्या कडेनें फिरवावी, व एक फेरी पाकळ्यांच्या आंतून सर्व थरांतून काढावी. ही आंतली फेरी नसेल तर फूल वरच्यावरच राहतें व धुण्यांत सुटतें.

या श्रमाचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. ४ फूट बाय ६ फूट वाकळेंत इंचाइंचावर ओळ घातली तर धांवदोऱ्याची लांबी ९६ वार भरते. इंचाला ४ टांके धरले तर ते १३,८०० च्या वर जातात. फुलें, जोड व तुरपाई याखेरीज. बैलाच्या पेंढीचा व खताच्या पोत्याचा हिशेब ज्या वहींत आहे, तिच्यांत या टांक्यांना एक ओळ मिळावयास हवी. अलीकडे शहरांत अशा वाकळांना मागणी आहे, व व्यापारी नग पाहून भाव सांगतो. घरांतील बाईनें किती दिवस, दिवसाला किती तास हें काम केलें, हें लिहून ठेवलें असेल तरच त्या भावाला उत्तर देतां येतें. आपल्या गांवीं त्या हंगामांत निंदणीची जी रोजी चालते, तीहून कमी पडेल अशा भावानें वाकळ देऊं नये, आणि आलेला पैसा शिवणारीच्या हातीं जावा. गांवांत महिलांचा बचत गट असल्यास भाव त्यानें एकत्र ठरविणें हिताचें. एकटी बाई दारांत आलेल्या गिऱ्हाइकाशीं फार वेळ घासाघीस करूं शकत नाहीं.

भाद्रपदांत, घटस्थापनेपूर्वीं, वाकळा धुण्याची आपली चाल आहे. फुलकामाच्या वाकळेला बडवण्यानें फार बडवूं नये. पायानें तुडवून धुवावी. तांबडें कापड फुलाला लावण्यापूर्वींच तें ओलें करून पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहावें. फडक्यावर रंग उतरला, तर तें कापड मिठाच्या पाण्याच्या भरंवशावर न ठेवतां भरावांतही घालूं नये, कारण पहिल्याच धुण्यांत डाग वर येतो. वाळवितांना फुलांची बाजू खालीं करावी, व वाकळ आंतील थरांपर्यंत वाळल्याची खात्री झाल्यावरच कडुलिंबाचा पाला घालून घडी करावी.