जुना फ्रेटलेस बेस घेताना

स्वस्तात फ्रेटलेस बेस विकायला काढणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. पहिल्याने हौसेने घेतलेला असतो, सूर काही लागत नाही आणि बेस कपाटावर जातो. दुसऱ्याने साध्या बेसचे फ्रेट घरीच पक्कडीने उपटलेले असतात आणि आता ते निस्तरायचं नसतं. पहिला भेटला तर नशीब समजा. दुसऱ्याकडे गेलात, तर खालची यादी खिशात ठेवा.

काय करावे

फ्रेट कारखान्यातच नव्हते की मागाहून काढले, ते आधी ओळखा. मालक सांगेल त्यावर जाऊ नका, नेकच्या कडेचे ठिपके पाहा. रेषा नसलेल्या कारखानी फ्रेटलेसवर ठिपके बहुधा सुराच्या नेमक्या जागी असतात. फ्रेटवाल्या बेसवर ते दोन फ्रेटच्या मध्ये असतात आणि फ्रेट काढले तरी तिथेच राहतात. मोबाइलवरचा ट्यूनर लावा, ई तार जुळवा आणि पहिल्या ठिपक्यावर बरोबर बोट ठेवून वाजवा. काटा जी सुरावर स्थिरावला तर ठीक. सूर एफ-शार्प आणि जी यांच्या मध्येच कुठेतरी लटकत असेल, तर फ्रेट काढलेले आहेत. तेवढ्यावरून बेस वाईट ठरत नाही, पण किंमत खाली यायला हवी.

खाचांवरून नख फिरवा. लाकडाच्या पातळ पट्टीने भरून घासलेल्या खाचा नखाला जाणवत नाहीत. पुट्टी खचली असेल किंवा खाच रिकामीच असेल, तर नख अडकतं. हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. फ्रेट नेकमध्ये ठोकून घट्ट बसवलेले असतात. ते गेले आणि खाचा मोकळ्या राहिल्या की नेकचा ताठपणा कमी होतो आणि तारांच्या ओढीने तो पुढे वाकू लागतो.

फिंगरबोर्ड ट्यूबलाइटखाली तिरपा धरून पाहा. सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण फ्रेटलेसचा आवाज बोर्डावरच घडतो. राउंडवाउंड तारांचं वेटोळं खरखरीत असतं. बोट घासत नेलं की ते लाकडावर कानशीसारखं चालतं आणि रोझवुडवर तारेखाली चर पडतात. बेसवादक जाको पास्टोरियसने आपल्या 1962च्या फेंडर जॅझ बेसचा बोर्ड बोटींना लावतात त्या इपॉक्सीने मढवला, तो याच कारणासाठी. तारा थोड्या सैल करायला सांगा आणि डी व जी तारांखाली नीट बघा. फिकट ओरखडे चालतात. नख अडकेल एवढे चर असतील, तर बोर्ड रंधून घ्यावा लागेल आणि त्या मजुरीत स्वस्ताई वाहून जाईल.

पुन्हा तारा जुळवा आणि प्रत्येक तारेवर एकच स्वर नटापासून वरच्या टोकापर्यंत संथ ओढत न्या. चांगल्या बोर्डावर तो सलग, गोलसर ‘म्वाऽ’ करत जातो. मध्येच कुठे झणझणला किंवा मेला, तर ती जागा उंच किंवा खोल आहे. तिथे खडूची खूण करायला मालक देणार नाही, तेव्हा लक्षात ठेवा.

नटाची उंची तपासा. फ्रेट काढल्यावर नटही खाली घ्यावा लागतो आणि घरगुती कारागिरीत नेमकं हेच राहून जातं. 34 इंची बेसवर पहिला अर्धस्वर नटापासून सुमारे 48 मिलिमीटरवर असतो. तिथे तार दाबायला अंगठ्याचा जोर लागत असेल, तर नट उंच आहे. काम किरकोळ आहे. घासाघीस करायला उत्तम मुद्दा.

ट्रस रॉड फिरतो का, ते मालकाच्याच हातून पाहा. ॲलन की सोबत न्या. पाव फेरा पुरे. रॉड जाम असेल आणि नेक वाकलेला असेल, तर नमस्कार करून निघा.

किनारपट्टीवरच्या बेसचा ब्रिज उलगडून बघा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या चार पावसाळ्यांत सॅडलचे बारीक स्क्रू गंजून बसतात आणि मग तारांची उंची बदलता येत नाही. ॲक्टिव्ह बेस असेल, तर 9 व्होल्टच्या बॅटरीचा कप्पाही उघडा. आत हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, तर बॅटरी गळली आहे. नॉबची खरखर मात्र मनावर घेऊ नका, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने ती बहुधा जाते.

काय टाळावे

पिळलेला नेक फुकटही घेऊ नका. हेडस्टॉककडून एक डोळा मिटून ब्रिजकडे पाहा. नटाची आणि ब्रिजची कड समांतर दिसली पाहिजे. पुढे-मागे वाकलेला नेक रॉडने सरळ होतो. पीळ त्याने निघत नाही.

कोरस पेडल लावून ऐकवला, तर त्यावर निकाल देऊ नका. कोरसमध्ये बेसूरपणाही मखमली वाटतो. केबल थेट अँपमध्ये, टोनचे नॉब मध्यावर, आणि मग ऐका.

रेषा असलेला बेस घेण्यात कमीपणा मानू नका. ‘रेषा म्हणजे कुबड्या’ असं ऐटीत सांगणारे भेटतील. जाकोच्या त्या बेसवरही भरलेल्या खाचांच्या रेषा स्पष्ट दिसत. सूर कानानेच लागतो, हे खरं. सरोदला कुठे पडदे असतात? पण मंद दिव्यांच्या स्टेजवर, ड्रमरच्या झांजा कानाशी वाजत असताना, रेषा उपयोगी पडते. बोट मात्र रेषेच्या मागे नको, बरोबर तिच्यावर हवं. फ्रेटवाल्या बेसवरून आलेल्यांचा सूर उतरतो तो इथेच.

हेडस्टॉकवरच्या नावाला पैसे मोजू नका. स्क्रूने बसवलेला नेक अर्ध्या तासात बदलता येतो आणि स्टिकर त्याहून लवकर. नाव कमी, नेक सरळ, असाच सौदा बरा. स्क्वायरचे काही फ्रेटलेस जॅझ बेस एबोनॉल या कृत्रिम बोर्डाचे आहेत. एबोनॉल कठीण असल्याने तारांनी सहज झिजत नाही. जुन्या बाजारात असा दिसला, तर आधी तो बघा.

नुसत्या फोटोंवर आगाऊ रक्कम पाठवू नका. जाणं शक्यच नसेल, तर हेडस्टॉककडून काढलेला नेकचा फोटो मागा आणि व्हिडिओ कॉलवर चारही तारांवर तो सलग ओढलेला स्वर ऐका. टाळाटाळ झाली, तर उत्तर मिळालंच.

सांगितलेल्या किमतीवर हिशोब थांबवू नका. त्यात सेटअप, नटाचं काम आणि फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वेटोळ्याच्या, तारांचा संच धरा. या तारा गिटारच्या तारांपेक्षा बऱ्याच महाग पडतात, पण बोर्ड वाचवतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. बेसवर आधीच जुन्या फ्लॅटवाउंड चढवलेल्या असतील, तर ‘तारा जुन्या आहेत’ म्हणून नाक मुरडू नका आणि मालकाने ‘नव्या घालून देतो’ म्हटलं तरी त्याच असू द्या.