ओळखपृष्ठ आणि हिरवे चौकोन



संगणकाच्या आज्ञावली लिहावयास शिकणारे आमचे कित्येक विद्यार्थी आपलें काम गिटहब या संकेतस्थळावर ठेवितात. तेथें प्रत्येकाचें एक ओळखपृष्ठ असतें. दारावरची पाटी वाचून परका मनुष्य घराविषयीं अंदाज बांधतो, तसाच तो या पृष्ठावरून लेखकाविषयीं बांधितो. तें नीटनेटकें कसें करावें, आणि तसें करितांना कोणता मोह टाळावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

कृति सोपी आहे. आपलें जें वापरनांव असेल, त्याच नांवाचा एक सार्वजनिक संग्रह उघडावा व त्यांत ‘रीडमी’ ही फाईल ठेवावी. दोन्ही नांवें रोमन लिपींत द्यावयाचीं. या फाईलींतील मजकूर ओळखपृष्ठाच्या माथ्यावर आपोआप दिसतो. ही सोय २०२० सालीं सुरू झाली.

मजकूर ‘मार्कडाऊन’ पद्धतीनें लिहावा. जॉन ग्रूबर यांनीं ती २००४ सालीं प्रसिद्ध केली. खुणा तशाच दिसल्या तरी मजकूर सहज वाचतां यावा, हा तिचा विशेष. ओळीच्या आरंभीं # ही खूण देऊन थोडी जागा सोडिली कीं मथळा होतो. शब्दाच्या दोहों बाजूंस दोन दोन तारका दिल्या कीं तो ठळक होतो. आरंभीं आडवी रेघ व जागा दिली कीं यादी होते. देवनागरींतही हें सर्व चालतें. नमुना पाहा:

# नमस्कार
मी पायथन शिकत आहें.
- हातांतील काम: शाळेच्या वाचनालयाची नोंदवही
- अडलेलें: तारखांचा हिशेब

आतां आंकड्यांविषयीं. केलेला बदल जतन करितांना त्याची एक नोंद होते. वर्षाच्या प्रत्येक दिवसास गिटहब एक चौकोन देतें. नोंदी जितक्या अधिक, तितका त्याचा हिरवा रंग गडद. शिवाय कांहीं मोफत साधनें अशीं आहेत कीं, त्यांच्या चित्राचा पत्ता रीडमींत घातला असतां तीं तुमच्या नोंदी व तुम्हांस मिळालेले तारे मोजून आंकड्यांची पाटी काढून देतात. ‘गिटहब ॲक्शन्स’ या सोयीनें तर नेमल्या वेळीं फाईल आपोआप ताजी होते.

परंतु यंत्र नोंदी मोजतें, त्यांचें मोल जाणत नाहीं. आमच्या एका नववींतील विद्यार्थ्याचे चौकोन सलग हिरवे पाहून आम्हीं वर्गासमक्ष त्याची स्तुति केली. कांहीं दिवसांनीं तो एकटाच येऊन म्हणाला, “सर, मी एका रात्रीं पूर्णविराम घालीत होतों आणि दुसऱ्या रात्रीं तो काढीत होतों.” आम्हांस त्याच्याइतकीच स्वतःची लाज वाटली, कारण चौकोन आम्हीं मोजले होते, काम उघडून पाहिलें नव्हतें. वरील नमुना त्याच मुलाच्या आजच्या पृष्ठाचा आहे. त्याचे चौकोन आतां विरळ आहेत. पण मुदत टळलेलीं पुस्तकें ग्रंथपालबाईंना तत्काळ सांपडतात.

असला मोह मोठ्यांसही होतो. सलग किती दिवस काम केलें हा आंकडा गिटहबनें २०१६ सालीं आपल्या पृष्ठावरून काढून टाकिला. नोंदीवरील तारीखदेखील लिहिणाऱ्यास बदलतां येते. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं मुलास “किती चौकोन झाले?” असें न विचारतां “काय केलेंस, दाखव पाहूं,” असें म्हणावें.

कामाचें मोल कशांत असतें याचें उदाहरण आपल्या पवईंतच आहे. येथें १९५८ सालीं स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत ‘फॉसी’ नांवाचा प्रकल्प चालतो. त्यांत ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांनीं पाठ्यपुस्तकांतील सोडविलेलीं उदाहरणें ‘सायलॅब’ या मुक्त आज्ञावलींत उतरविलीं आहेत. विद्युत्-मंडलें आंखून पडताळण्याची ‘ई-सिम’ ही आज्ञावलीही तेथेंच तयार झाली असून, तिची संहिता कोणासही पाहतां व सुधारतां येते. अशा कामाची रीडमी वाचून पाहा. हें काय आहे आणि कसें वापरावें, हें ती प्रथम सांगते. तुमचें पृष्ठही तसेंच असावें.

आंकड्यांची पाटी लावूं नका, असें आमचें म्हणणें नाहीं. पण दरिद्री विधवेच्या दोन टोल्या ज्यानें सर्वांहून अधिक मानिल्या, त्याच्या शाळेंतील आपण विद्यार्थी आहों, हें विसरूं नका. ज्या नोंदीनें कोणाचें तरी अडलेलें काम पुढें गेलें, तीच आपली खरी नोंद.