डासाचा चावा, गांध आणि वावडे



गव्हाला पाण्याची पाळी असते आणि वीज नेमकी रात्रीची येते. मग दारे धरायला रात्रीच रानात जावे लागते. पाय चिखलात, हातात बॅटरी आणि कानाशी डासांची गुणगुण. पहाटे घरी परतेपर्यंत घोट्यांवर, मनगटांवर, मानेवर गांधी उठलेल्या असतात. कोणाची गांध तासाभरात विरून जाते, तर कोणाचा पाय दुसऱ्या दिवशी चपलेत मावत नाही. डास तेच आणि रानही तेच असताना असे का होते, हा प्रश्न पीक प्रात्यक्षिकाच्या भेटीत अनेकदा विचारला जातो. विषय वैद्यकाचा असला तरी डासांची पैदास आपल्याच शेतावर, गोठ्यात आणि परसात होते. शिवाय या चाव्यावर जे घरगुती उपाय केले जातात, त्यांतील काही मूळ चाव्यापेक्षा घातक आहेत. म्हणून हा लेख.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळी भाताच्या प्रात्यक्षिकासाठी एका गावी मुक्काम पडला होता. सकाळी यजमानांचा चार वर्षांचा मुलगा उठला, तो एक डोळा पूर्ण मिटलेला आणि पापणी लिंबाएवढी सुजलेली. आजीने डास चावलेल्या जागी रात्रीच चुना लावला होता. मुलाने झोपेत डोळा चोळला आणि चुना पापणीच्या आत गेला. पुढे तालुक्याला न्यावे लागले. डोळा वाचला, पण आठ दिवस घरात कोणाला चैन नव्हती. डॉक्टरांनी सांगितले की सूज डासाची होती आणि ती आपोआप उतरली असती. डोळ्याला इजा झाली ती चुन्याने.

गांध का उठते?

चावते ती फक्त मादी. अंडी तयार करण्यासाठी तिला रक्तातील प्रथिनांची गरज असते. नर डास फुलांतील मध आणि झाडांचा रस यांवर जगतो. मादी कातडीत सोंड खुपसते, तेव्हा रक्त गोठू नये म्हणून आपली लाळ आत सोडते. या लाळेत अनेक प्रकारची प्रथिने असतात. आपले शरीर त्यांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. पुढच्या वेळी तीच लाळ अंगात गेली की कातडीतील विशिष्ट पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी पाझरते, जागा फुगते आणि खाज सुटते. थोडक्यात, गांध ही डासाच्या विषाची नसून आपल्याच शरीराच्या प्रतिकाराची खूण आहे. वावडे म्हणजेच ॲलर्जी ती हीच. गांध लहान असेल तर आपण तिला वावडे म्हणत नाही, एवढाच फरक.

हा प्रतिकार दोन टप्प्यांत होतो. पहिली गांध काही मिनिटांत उठते, वीस-तीस मिनिटांत पूर्ण फुगते आणि ओसरू लागते. दुसरा टप्पा उशिराचा असतो. चोवीस ते छत्तीस तासांनी त्याच जागी टणक, लालसर, खाजणारी पुळी येते आणि ती काही दिवस टिकते. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी १९४६ साली दाखवून दिले की माणसाचा प्रतिकार एका ठरावीक क्रमाने बदलत जातो. ज्याला ती जात आधी कधीच चावलेली नाही, त्याला सुरुवातीला काहीच होत नाही. मग काही चाव्यांनंतर फक्त उशिराची पुळी येऊ लागते. पुढे गांध आणि पुळी दोन्ही येतात, त्यानंतर फक्त गांध, आणि वर्षानुवर्षे चावे खाल्ल्यावर शेवटी काहीच उठत नाही.

घरातल्या अनेक गोष्टींचा उलगडा यातून होतो. आजोबा डासांत निवांत झोपतात आणि नातू मात्र रात्रभर अंग खाजवतो, कारण नातू या क्रमाच्या मधल्या पायरीवर आहे. शहरातून सुटीला आलेल्या पाहुण्यांना आपल्यापेक्षा जास्त गांधी उठतात, तेही यामुळेच. 'त्यांचे रक्त गोड आहे' असे आपण म्हणतो, पण साखरेचा यात काही संबंध नाही.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. गांध उठत नाही म्हणजे डास चावत नाही, असे नव्हे. हिवताप, डेंग्यू, हत्तीरोग हे आजार गांध न उठणाऱ्यालाही तसेच होतात. आजोबांची मच्छरदाणी काढून नातवाला देऊ नये. दोघांनाही ती लागते.

सूज मोठी आली तर

काही मुलांत डास चावल्यावर काही तासांतच तळहाताएवढी सूज येते. जागा लाल, गरम आणि कडक होते. चावा पापणीवर असेल तर डोळा मिटतो, बोटावर असेल तर मूठ वळत नाही. क्वचित थोडा तापही येतो. कॅनडातील संशोधकांनी १९९९ साली अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांच्या रक्तात डासाच्या लाळेविरुद्धची प्रतिद्रव्ये दाखवून दिली. ही सूज पाहून जंतुसंसर्गच झाला असे वाटते आणि पुष्कळदा विनाकारण प्रतिजैविकांची इंजेक्शने दिली जातात. दोन्हींतील फरक ओळखण्यासाठी घड्याळ पाहावे. वावड्याची सूज चाव्यानंतर काही तासांतच येते आणि तिच्यात दुखण्यापेक्षा खाज जास्त असते. जंतुसंसर्ग सहसा दोन-तीन दिवसांनी, खाजवून कातडी फुटल्यावर सुरू होतो. त्यात ठणका वाढत जातो, पू येतो, काखेत किंवा जांघेत गाठ येते, कधी लाल रेघ वर चढताना दिसते. तसे झाल्यास डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायावर तर एक ओरखडाही हलका समजू नये.

दोन ते दहा वर्षांच्या मुलांत आणखी एक प्रकार दिसतो. हातापायांवर खाजऱ्या पुळ्यांचे पुंजके येतात आणि नवा डास चावला की जुन्या जागाही पुन्हा उफाळतात. आई-वडील खाण्यातले पथ्य सुरू करतात. अंडी, शेंगदाणे, वांगी बंद होतात आणि मूल उगीच वाळते. यावर पथ्य उपयोगी नाही. मच्छरदाणी उपयोगी आहे.

डासाच्या चाव्याने साऱ्या शरीरावर परिणाम होऊन जीव धोक्यात येणे अत्यंत विरळ. मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्या दंशात मात्र ही शक्यता खरी असते. दंशानंतर थोड्याच वेळात सर्वांगावर पित्ताच्या गांधी, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, दम लागणे, उलटी, घेरी यांपैकी लक्षणे दिसली तर घरी काहीही करत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. अशा वेळी मांडीत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच उपाय आहे, गोळी पुरी पडत नाही. रोग्याला चालवत नेऊ नये. आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, दम लागत असेल तर टेकून बसू द्यावे. मधमाशीचा काटा कातडीत राहिला असेल तर तो नखाने लगेच खरवडून काढावा.

सगळेच डास नव्हेत

पावसाळ्यात दिव्याभोवती मुंगीएवढा लांबट, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा किडा येतो. तो चावत नाही. पण मानेवर बसला असता आपण त्याला चिरडले, तर त्याच्या अंगातील रसाने दुसऱ्या दिवशी कातडीवर भाजल्यासारखा लांब पट्टा उठतो. त्याला फुंकर मारून उडवावे आणि जागा साबणाने धुवावी. हाच किडा भाताच्या खाचरात तुडतुडे खातो, म्हणजे आपला मित्र आहे. मित्राला मानेवर मात्र चिरडू नये.

त्याचप्रमाणे पापण्या, मान, कोपराच्या वळ्या येथे दर वर्षी वाढत जाणारी, कातडी जाड व काळी करणारी खाज डासांची नसते. बांधावरच्या गाजर गवताचे ते वावडे असू शकते. त्याचा उपचार आणि बंदोबस्त दोन्ही वेगळे आहेत.

चावल्यावर काय करावे

जागा साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी. माठाच्या पाण्यात भिजवलेली कापडाची घडी किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. कॅलामाइन लोशन लावले तरी चालते. मुलांची नखे कापावीत. हा सल्ला साधा वाटतो, पण चाव्याच्या बहुतेक जखमा डासाने केलेल्या नसतात, नखांनी केलेल्या असतात. खाज फार असेल तर सेटिरिझिनसारखे हिस्टामीनरोधक औषध डॉक्टरांना विचारून, वयाप्रमाणे द्यावे. दुकानातून मनाने स्टेरॉइडयुक्त मलम आणून लावण्याची सवय खेड्यापाड्यांत वाढली आहे. त्याने खाज तात्पुरती थांबते, पण जागा गजकर्णाची असेल तर ते मलमाखाली पसरत जाते.

चुना, रॉकेल, पेट्रोल, तंबाखूची राख यांपैकी काहीही लावू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पिकावर फवारण्याचे कीटकनाशक घरात, अंथरुणावर, पाळण्याभोवती किंवा जनावरांच्या अंगावर कदापि फवारू नये. 'बोंडअळी मरते, मग डासाचे काय' हा हिशेब चुकीचा आहे. डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण त्या औषधाची माणसाला असलेली विषबाधेची भीती सांगतो. शेतात फवारा वाऱ्याने विरतो, बंद खोलीत तो रात्रभर श्वासावाटे आत जातो. घरगुती वापराची औषधे वेगळी नोंदलेली असतात, तीच वापरावीत.

पैदास कोठे होते?

अंड्यापासून डास होण्यास उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळण्याचा सल्ला देतात. रांजण, टाक्या, गुरांची डोणी रिकामी करून घासावीत. नुसते पाणी बदलून भागत नाही, कारण एडीस जातीची अंडी भिंतीला चिकटून राहतात आणि कोरडी असली तरी तगतात. ही जात दिवसा चावते. रात्रीच्या क्युलेक्सला सांडपाणी, तुंबलेले गटार आणि शेणखड्ड्याकडेचे डबके प्रिय. त्यावर शोषखड्डा हा पक्का उपाय होय. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन २०१० नंतरच्या दशकात गटारेच नाहीशी केली आणि डास कमी केले. संडासाच्या वायुनळीच्या तोंडाला जाळी बांधण्यास दोन मिनिटे लागतात, तीही बहुतेक घरी बांधलेली नसते.

उन्हाळी भातात पाणी सतत कोंडून न ठेवता मधून मधून जमीन वर येईपर्यंत आटू द्यावे, मग पुन्हा द्यावे. पाण्याची बचत होते आणि डासांच्या अळ्या सुकून मरतात. फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नये. खरिपात कोकणासारख्या पावसात हे आपल्या हातात नसते, तेथे निदान बांधाकडेचे चर वाहते ठेवावेत. विहिरीत व शेततळ्यात गप्पी मासे सोडावेत. ओढ्यात किंवा नैसर्गिक तळ्यात सोडू नयेत, ते स्थानिक माशांची अंडी खातात.

बी. टी. हे नाव कापसामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच जिवाणूची एक उपजात १९७६ साली इस्रायलमधील एका डबक्यात सापडली, ती डासांच्या अळ्या मारते आणि मासे, जनावरे यांना अपाय करत नाही. भाजीपाल्यावरील अळ्यांसाठी दुकानात मिळणारी बी. टी. पावडर मात्र वेगळ्या उपजातीची असते. ती डबक्यात टाकून पैसे वाया घालवू नयेत. वेष्टनावर डासांच्या अळ्यांसाठी असे लिहिलेले असेल तरच घ्यावी.

रात्री दारे धरायला जाताना पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा, पायघोळ विजार आणि कानावर उपरणे घ्यावे. उघड्या भागाला डासरोधक मलम लावावे, पण तान्ह्या मुलाला आणि फुटलेल्या कातडीला लावू नये. कडुनिंबाचे तेल काहींच्या कातडीला झोंबते, म्हणून आधी मनगटावर थेंबभर लावून एक दिवस पाहावे. मच्छरदाणी घेताना चौरस इंचाला निदान १५६ छिद्रे असलेली घ्यावी, कडा गादीखाली खोचाव्यात. झोपेत मुलाचा हात जाळीला टेकतो आणि डास बाहेरूनच चावतो, म्हणून जाळी खाटेपेक्षा ऐसपैस असावी.