घराची खिडकी आणि गांवची हवा

गेल्या सहामाहींत आठवीच्या वर्गांत उष्णतेनें होणाऱ्या प्रसरणाचा पाठ चालला असतां वसतिगृहांत राहणाऱ्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, आमच्या घराच्या खिडक्या बदलावयाच्या आहेत. नागपूरचे काका म्हणतात, अ‍ॅल्युमिनियमच्याच बसवा. त्यांच्याकडे पंधरा वर्षांत कांहीं बिघडलें नाहीं. त्याच घ्याव्या काय?" या मुलाचें घर रत्नागिरी जिल्ह्यांत, अगदीं समुद्रकांठीं आहे. वडील नुकतेच सेवानिवृत्त झालेले. हातीं आलेल्या पैशांतून हें काम एकदांच व्हावयाचें. परीक्षेंत उत्तर चुकलें तर फार तर दोन गुण जातात. येथें चुकलें तर घरांतील मंडळींस कित्येक पावसाळे तें भोगावें लागेल. म्हणून आम्हीं पुढचे दोन तास या प्रश्नासच दिले. पालकांसही त्याचा उपयोग व्हावा, या हेतूनें तो विषय येथें मांडीत आहों.

प्रथम दोन्ही गांवांची हवा पाहूं. नागपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो व हिवाळ्यांत पहाटे तो १० अंशांखालीं उतरतो. उन्हांत तापलेली चौकट तर भोंवतालच्या हवेहूनही पुष्कळ अधिक तापते. रत्नागिरीस असा चढउतार नाहीं. पण तेथें चार महिन्यांत सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि बारा महिने खारा वारा वाहतो. नागपूरच्या खिडकीस उन्हाशीं झगडावयाचें असतें, रत्नागिरीच्या खिडकीस पाण्याशीं व मिठाशीं. काकांचा अनुभव खोटा नव्हता. तो नागपूरचा होता, इतकेंच.

आतां प्रसरणाचें गणित. दोन मीटर लांबीच्या पट्ट्या घेतल्या व तापमान ५० अंशांनीं वाढलें, असें समजा. कांच सुमारें ०.९ मिलिमीटर वाढेल, लोखंड १.२, अ‍ॅल्युमिनियम २.३; आणि बाजारांत यूपीव्हीसी या नांवानें मिळणारें कडक प्लॅस्टिक सुमारें ७ मिलिमीटर! हा आंकडा फळ्यावर लिहिला तेव्हां वर्गांत कुजबुज झाली. कांच व चौकट सारख्या प्रमाणांत वाढत नाहींत, म्हणून त्यांच्यामध्यें रबराची पट्टी घालतात. चौकट व भिंत यांच्यामध्येंही मोकळी फट ठेवून ती लवचिक लुकणानें भरावी लागते. आमचे गवंडी घट्ट काम म्हणजे चांगलें काम असें मानून ती फट सिमेंटानें बुजवितात. मग पहिल्याच उन्हाळ्यांत चौकट फुगते, झडप अडकते, आणि दोष मात्र प्लॅस्टिकास लागतो. कडक उन्हाच्या गांवीं या प्लॅस्टिकाचा रंग पांढराच असावा. गडद रंग ऊन शोषून घेतो, आणि हा पदार्थ ७५ ते ८० अंशांच्या सुमारास मऊ पडूं लागतो.

उष्णतेच्या वहनाचा विचार केला तर अ‍ॅल्युमिनियम हें सागवानाच्या किंवा या प्लॅस्टिकाच्या जवळजवळ हजारपट उष्णता वाहून नेतें. मग काकांची खोली तापत कशी नाहीं? अवश्य तापते, पण मुख्यत्वें चौकटीमुळें नव्हे. चौकटीचा पृष्ठभाग थोडा, कांचेचा मोठा; आणि साधी कांच तिच्यावर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेपैकीं सुमारें चारपंचमांश आंत सोडते. आंतून पडदा लावल्यानें काम भागत नाहीं, कारण तोंपर्यंत उष्णता घरांत शिरलेली असते. ऊन बाहेरच अडविलें पाहिजे. विदर्भांतील जुन्या घरांचे खोल छज्जे आणि वाळ्याचे ताटवे पाहिले म्हणजे हें शास्त्र आपल्या वडीलधाऱ्यांस चांगलें अवगत होतें असें दिसतें.

मागल्या बाकावरून एकानें दोन कांचांच्या खिडकीविषयीं विचारलें. दोन कांचांमध्यें कोंडलेली स्थिर हवा कांचेच्या मानानें चाळीसपट कमी उष्णता नेते, म्हणून थंड प्रदेशांत अशा खिडकीचें मोल फार. परंतु तीही बेतानेंच निवडावी लागते. लेह सुमारें ३५०० मीटर उंचीवर आहे; तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दोनतृतीयांशाहूनही किंचित् कमी असतो. मैदानांत हवाबंद केलेली जोडकांच तेथें नेली तर आंतली हवा फुगून कांच बाहेर वांकते, प्रसंगीं तडकते. घाटावर सहलीस जातांना वेफरचा पुडा फुगलेला तुम्हीं पाहिलाच आहे. यासाठीं अशा कांचेंत दाब सारखा होण्याकरितां केसासारखी बारीक नळी बसवितात. रत्नागिरीच्या मुलास या कांचेची कांहीं गरज नव्हती.

त्याची अडचण निराळी. साधें लोखंड समुद्रकांठीं गंजणार. शिवाय गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळें भोंवतालचा गिलावाही फुटतो. अ‍ॅल्युमिनियमवर भस्माचा एक पातळ थर आपोआप चढतो व तो आंतल्या धातूचें रक्षण करतो. परंतु मीठ त्यास बारीक छिद्रें पाडतें. आणि येथें आम्हांस स्वतःचीच फजिती सांगितली पाहिजे. आमच्या खाडीकांठच्या घरीं आम्हीं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसविल्या आणि शोभेसाठीं त्यांस पितळेचे स्क्रू मारविले. विज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यानें हें करावें! दोन भिन्न धातु व खारें पाणी एकत्र आलें कीं, व्होल्टानें १८०० सालीं रचलेल्या घटमालेचाच तो प्रकार झाला. तिसऱ्या पावसाळ्यांत स्क्रूभोंवतीं पांढरी भुकटी दिसूं लागली, भोकें मोठीं झालीं, आणि आषाढांतल्या एका रात्रीं झडप सुटून अंगणांत पडली. पितळ जसेंच्या तसें होतें. खाल्लें गेलें तें अ‍ॅल्युमिनियम.

समुद्रकांठीं मग घ्यावें तरी काय? आमचें मत असें कीं, जुनें सागवान निरोगी असेल तर तें काढूंच नये. सागवानांत वाळवीस न मानवणारीं द्रव्यें असतात व तें पाण्यानें फारसें फुगत नाहीं. नवें सागवान परवडत नसेल तर पांढरें यूपीव्हीसी बरें. त्यास मीठ बाधत नाहीं. मात्र त्याच्या बिजागऱ्या, स्क्रू व आंतल्या आधारपट्ट्या धातूच्याच असतात, हें विसरूं नये. बिजागऱ्या व स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे मागावे, त्यांतही समुद्राजवळ वापरावयाच्या प्रतीचे, आणि आधारपट्ट्यांवर जस्ताचा मुलामा आहे कीं नाहीं तें कापलेलें टोंक पाहून तपासावें. दुकानदार चौकट दाखवितो. आपण स्क्रू पाहावा.

दिवाळीच्या सुटींत तो मुलगा एक टोंचा घेऊन घरीं गेला. प्रत्येक चौकटीस चार ठिकाणीं टोंचून पाहावें, टोंचा सहज शिरला तर लांकूड कुजलें असें समजावें, एवढेंच आम्हीं त्यास सांगितलें होतें. परत आला तो वहींत नकाशा काढूनच. एकंदर नऊ खिडक्या. पैकीं सहांच्या चौकटी टणक, तिघींचीं खालचीं आडवीं लांकडें कुजलेलीं, आणि त्या तिन्ही नैर्ऋत्येच्या. तेथें खालच्या लांकडास बाहेरच्या बाजूस उतार नव्हता, म्हणून पावसाचें पाणी त्यावर सांचून राही. वडिलांनीं त्या तिघींपुरतीं नवीं लांकडें उतार देऊन बसविलीं, सर्व बिजागऱ्या बदलल्या, आणि उरलेल्या पैशांत कौलें परतून घेतलीं.

काकांस त्यानें पत्र लिहिलें तें आम्हांस दाखविलें. त्यांत शेवटीं विचारलें होतें: "तुमच्या पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आहे का?"