सम्यक व्यायाम आणि कारखान्यातील गुणवत्ता

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1 ऑगस्ट 1962 रोजी झाली. ठाण्याची वागळे इस्टेट ही या महामंडळाच्या अगदी आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांपैकी एक होय. तिच्या आसपास किसननगर, इंदिरानगर, रामनगर, लोकमान्यनगर अशा वस्त्या वाढल्या. गावकीची कामे नाकारून, गाठोडे पाठीवर टाकून शहराकडे निघालेल्या आपल्या मागच्या पिढीतील अनेकांना पहिली पाळी, पहिले हजेरीकार्ड आणि पहिला पगार याच परिसराने दिला. आज तेथील कित्येक जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत. तरीही यंत्रशाळा, प्रेसशॉप, प्लॅस्टिक मोल्डिंग आणि प्लेटिंगची लहान युनिटे अद्याप चालू आहेत आणि आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या वाटेने तेथे पोहोचत आहेत.

कामावर रुजू होताच पहिल्या आठवड्यात त्यांच्या कानांवर काही शब्द पडतात : आयएसओ, फाइव्ह-एस, कायझेन, रिजेक्शन, ऑडिट. एका खोलीत बसवून तासाभराचे प्रशिक्षण होते, कागदावर सही घेतली जाते आणि विषय संपतो. हे शब्द म्हणजे साहेबांची भाषा, आपला त्यांच्याशी काय संबंध, अशी समजूत पुष्कळांची होते. आमचे मत नेमके याच्या उलट आहे. गुणवत्तेचे शास्त्र हे कामगाराचे शास्त्र आहे आणि ज्यांच्या पूर्वजांना कौशल्यापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले, त्यांनी तर ते सर्वांत आधी आत्मसात केले पाहिजे. या मताची कारणे इतिहासात आहेत तशी धम्मातही आहेत.

कौशल्याची नाकेबंदी

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. प्रत्यक्षात साचाखात्यातील मजुरी अधिक होती. विटाळाची भाषा बोलली जात होती आणि राखली जात होती ती अधिक मजुरीची जागा. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. पुढे 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाड येथे भरलेल्या जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. रेल्वेतील आपला माणूस गँगमनच्या पलीकडे का जात नाही, ही त्यामागील वेदना होती.

1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागण्याबरोबरच सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारीच्या जागा मिळाव्यात, अशीही मागणी त्यात होती. ज्या महापुरुषाच्या नावावर कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या होत्या, त्याला छापखान्यातील उमेदवाराच्या जागेचे महत्त्व ठाऊक होते. याच कारकिर्दीत 1946 ची फॅक्टरी कायद्यातील दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आले. कामाचे तास कमी व्हावेत आणि कामाचे ज्ञान वाढावे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या विचारात एकत्र नांदत होत्या.

गुणवत्ता म्हणजे काय?

गुणवत्ता म्हणजे केवळ 'चांगला माल' नव्हे. ठरवून दिलेली अपेक्षा प्रत्येक वेळी, न चुकता, पूर्ण होणे म्हणजे गुणवत्ता. समजा, एका शाफ्टचा व्यास 20 मिलिमीटर हवा आहे आणि 0.02 मिलिमीटर कमी-अधिक चालणार आहे. सकाळी तयार झालेले जॉब या मर्यादेत बसतात, दुपारनंतरचे हळूहळू जाड होत जातात आणि संध्याकाळी तपासणीत पन्नास नग बाद ठरतात. तपासनिसाने वाईट माल बाजूला काढला, पण वाईट माल तयार होणे काही थांबवले नाही.

हा फरक प्रथम शास्त्रीय रीतीने दाखवला अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी. 1924 मध्ये त्यांनी नियंत्रण आलेख मांडला. मापे ठरावीक अंतराने आलेखावर टिपत गेल्यास बिघाड होण्याच्या आधीच त्याची चाहूल लागते, हे त्याचे मर्म. त्यांच्या विचाराचे वारस डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग 1950 मध्ये जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघटनेच्या निमंत्रणावरून जपानला गेले. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या देशाने त्यांचे म्हणणे मनावर घेतले आणि 1951 पासून त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केले. पुढे 1962 मध्ये इशिकावा यांच्या प्रेरणेने गुणवत्ता मंडळे निघाली. एकाच जागी काम करणाऱ्या कामगारांनी नियमित एकत्र बसायचे, आपल्या कामातील अडचण शोधायची आणि उपाय सुचवायचा, असे त्यांचे स्वरूप. भारतात 1980 मध्ये 'भेल'च्या हैदराबाद येथील कारखान्यात अशी मंडळे सुरू झाली. आयएसओ 9000 ही मानकांची मालिका 1987 मध्ये प्रसिद्ध झाली.

डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी चौदा सूत्रे सांगितली. कामगारांच्या मनातील भीती घालवा, भिंतींवरच्या घोषणा बंद करा, कामावरच प्रशिक्षण द्या, माणसाला आपल्या कामाचा अभिमान वाटण्याच्या आड येणारे अडथळे दूर करा आणि प्रत्येकाला शिक्षणाची व आत्मविकासाची संधी द्या, ही त्यांतील काही सूत्रे होत. बहुतेक दोष माणसाचे नसून व्यवस्थेचे असतात, असे ते आग्रहाने सांगत. वाईट व्यवस्थेत चांगला माणूसही वाईट माल काढतो. समाजातील विषमतेचा अभ्यास केलेल्या वाचकाला हे वाक्य परके वाटणार नाही.

चार सम्यक प्रयत्न

तथागतांच्या अष्टांगिक मार्गातील सहावे अंग सम्यक व्यायाम. त्याचे चार भाग सांगितले आहेत. न उपजलेले अकुशल उपजू न देणे, हा संवर. उपजलेले अकुशल टाकून देणे, हे पहान. न उपजलेले कुशल उत्पन्न करणे, ही भावना. उपजलेले कुशल टिकवणे व वाढवणे, हे अनुरक्खण.

आता कारखान्यातील शाफ्टकडे पुन्हा पाहू. दुपारनंतर जॉब जाड का झाले? टूल झिजले म्हणून. टूल वेळेवर का बदलले नाही? किती नगांनंतर बदलायचे ते कोणी ठरवलेच नव्हते म्हणून. का ठरवले नव्हते? टूल किती नग टिकते याची नोंद कोणी ठेवत नव्हते म्हणून. 'का?' हा प्रश्न मागे मागे विचारत मूळ कारणापर्यंत जाण्याची ही रीत जपानच्या टोयोटा कंपनीत रूढ झाली. कारणाशिवाय कार्य घडत नाही आणि कारण नाहीसे केले की कार्यही नाहीसे होते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार ज्याला शाळेत उमगला, त्याला ही रीत अवघड वाटू नये.

मूळ कारण सापडले की चारही प्रयत्न कामाला लागतात. बाद नग बाजूला काढून झिजलेले टूल बदलणे, हे पहान. ठरावीक नगांनंतर टूल बदलण्याचा नियम करणे, हा संवर. मोजमापाची अधिक चांगली पद्धत शोधणे, ही भावना. सापडलेली पद्धत लिहून काढून तिन्ही पाळ्यांत तशीच चालवणे, हे अनुरक्खण. कारखान्याच्या भाषेत यांनाच अनुक्रमे दोषनिवारण, प्रतिबंध, सुधारणा आणि प्रमाणीकरण म्हणतात. बुद्धाने कारखान्यांसाठी उपदेश केला, असा आमचा दावा नाही. त्याचा उपदेश दुःखमुक्तीसाठी आहे. परंतु मन घडवण्याची जी शिस्त तेथे आहे, ती हाताच्या कामालाही वळण लावते, एवढेच आमचे म्हणणे.

भिक्खुसंघातील पवारणेची प्रथाही येथे आठवते. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खू संघासमोर येऊन, माझ्या वर्तनात काही दोष दिसला, ऐकला वा शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती करतो. यात वडीलधारा थेरही सुटत नाही. दोष सांगणे म्हणजे अपमान नव्हे आणि दोष ऐकणे म्हणजे पराभव नव्हे, हा संस्कार ज्या संघटनेत आहे, तेथेच गुणवत्ता मंडळ खऱ्या अर्थाने चालेल. जेथे दोष फक्त खालच्याने ऐकायचा आणि वरच्याने सांगायचा, तेथे मंडळाची बैठक होते, चहा होतो, सुधारणा होत नाही.

झाडू कोणाच्या हाती?

फाइव्ह-एस म्हणजे जपानी भाषेतील पाच शब्द. सेइरी म्हणजे नको ते वेगळे काढणे, सेइतोन म्हणजे हवे ते जागच्या जागी ठेवणे, सेइसो म्हणजे स्वच्छता, सेइकेत्सु म्हणजे ही घडी कायम करणे आणि शित्सुके म्हणजे शिस्त. यांतील तिसऱ्या शब्दाकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. मूळ कल्पनेप्रमाणे आपले यंत्र आपणच पुसायचे असते. कारण पुसता पुसता तेलाची गळती दिसते, सैल झालेला बोल्ट हाताला लागतो, तडा गेलेला पट्टा नजरेत येतो. येथे स्वच्छता हीच तपासणी आहे.

आपल्या देशात आल्यावर या कल्पनेचे काय होते? पुष्कळ ठिकाणी ऑडिटच्या आदल्या दिवशी हाऊसकीपिंगच्या कंत्राटी माणसांना बोलावले जाते. ती माणसे बहुधा कोणत्या वस्त्यांतून येतात, हे वाचकांस सांगावयास नको. यंत्र चालवणारा बाजूला उभा राहतो आणि यंत्राविषयी ज्याला काहीच शिकवलेले नाही, तो ते पुसतो. ज्याला ज्ञान आहे तो पुसत नाही आणि जो पुसतो त्याला ज्ञान दिले जात नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटले, तीच विभागणी येथे जपानी नाव घेऊन परत येते. असे फाइव्ह-एस दिसायला चकचकीत असले तरी त्यात गुणवत्ता नसते, हे आपल्या मुलांनी ओळखले पाहिजे आणि योग्य शब्दांत सांगितलेही पाहिजे.

सिंगालोवाद सुत्तात मालक आणि सेवक यांची कर्तव्ये दोन्ही बाजूंनी सांगितली आहेत. सेवकाने काम नीट करावे. मालकाने शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुटी द्यावी. एका बाजूकडूनच पाळली जाणारी गुणवत्ता ही राबवणूक ठरते.

आमच्या विद्यार्थ्यांसाठी

यावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रशिक्षण झाल्याखेरीज प्रशिक्षणाच्या नोंदीवर सही करू नये. सही म्हणजे 'मला हे शिकवले गेले' अशी कबुली असते आणि उद्या चूक झाल्यास तीच पुढे केली जाते. शंका नम्रपणे विचारावी, उत्तर मिळेपर्यंत विचारावी. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गेज यांचे वाचन दुसऱ्याच्या भरवशावर न सोडता स्वतः शिकून घ्यावे. ज्याला मोजता येते, त्याला सहज फसवता येत नाही. एक छोटी वही खिशात ठेवून रोजचे काम, आलेली अडचण आणि केलेला उपाय लिहावा. वर्षभराने ती वही पदवीइतकीच बोलकी होते. बैठकीत आपली सूचना आपल्या नावाने नोंदवून घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शिकलेले आपल्याजवळच न ठेवता शेजारच्या यंत्रावरील कंत्राटी सोबत्याला, विशेषतः हाऊसकीपिंगमधील बांधवाला व भगिनीला शिकवावे. कौशल्याची नाकेबंदी आपण सोसली आहे. तीच आपण दुसऱ्यावर लादू नये.

आत्मविकासाच्या नावाखाली आज पुष्कळ काही विकले जाते. टाय कसा बांधावा, हसावे कसे, साहेबांना खूश कसे ठेवावे, याची शिबिरे भरतात. आमच्या दृष्टीने आत्मविकासाची कसोटी साधी आहे : कालपेक्षा आज मला अधिक समजते काय, आणि माझ्या समजण्याचा लाभ माझ्या सोबत्यांना होतो काय? बाबासाहेबांनी ज्या साचाखात्याचे दार ठोठावले, ते आता वेगळ्या रूपात उघडे आहे. आत गेलेल्याने यंत्र, माप आणि कारण या तिन्हींवर प्रभुत्व मिळवावे आणि मागून येणाऱ्यासाठी दार उघडे धरावे. तथागतांनी सांगितलेला अप्रमाद कामाच्या जागी पाळायचा तो असाच.

नमो बुद्धाय! जय भीम!