मक्याची बुरशी आणि मांजराची परात

अमेरिकेंत राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें पत्रांतून एक विलक्षण प्रश्न विचारला आहे. त्या देशांत घरांतल्या मांजराच्या शौचासाठीं परातींत कोरडा भुगा घालून ठेवितात. पूर्वीं तेथें राख किंवा वाळू वापरीत. १९४७ सालीं एडवर्ड लो यानें वाळविलेल्या चिकणमातीचे दाणे विकण्यास आरंभ केला. आतां कित्येक लोक मक्याचा भरडा घेतात. कारण ओल लागतांच त्याचा गोळा बनतो व तो उचलून टाकतां येतो. या भरड्यास बुरशी आल्यास मांजरास विषबाधा होईल काय, असा त्याचा प्रश्न.

प्रश्न हंसण्यासारखा नाहीं. मका व भुईमूग यांवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नांवाची हिरवट-पिवळी बुरशी वाढते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न होऊं शकतें. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हां त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडींत या विषाचा शोध लागला. तें यकृताचा नाश करितें. शिजविल्यानें वा भाजल्यानें तें पूर्णपणें जात नाहीं; बुरशी पुसून टाकिली तरी विष दाण्यांत राहतेंच.

आपल्या देशांतील उदाहरण तर फार दुःखद आहे. १९७४ सालीं पंचमहाल व बांसवाडा या भागांत ऐन कापणीच्या सुमारास अवेळीं पाऊस झाला. मका भिजला, नीट वाळला नाहीं, आणि गरीब भिल्ल कुटुंबांपाशीं खावयास दुसरें धान्य नव्हतें. ३९७ माणसें कावीळ व जलोदर यांनीं आजारी पडलीं. त्यांपैकीं १०६ दगावलीं. त्याच घरांतील कुत्रींही त्याच रोगानें मेलीं. त्या लोकांस आपलें अन्न बिघडलें आहे हें कळत नव्हतें असें नव्हे. उपाशी मनुष्यापुढें निवड कोणती?

मांजर भरडा खात नाहीं. परंतु तें पंजे चाटतें, आणि पंजांस लागलेली धूळ पोटांत जाते. ही मात्रा अन्नांतून जाणाऱ्या मात्रेहून अल्प असते, म्हणून घाबरण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. तथापि पोतें कोरड्या जागीं, तोंड बांधून ठेवावें. न्हाणीघरांत मुळींच ठेवूं नये. ओले गोळे रोज काढावे, परात धुवून पूर्ण वाळवावी, आणि जुन्या दमट भरड्यावर नवा ओतूं नये. कुबट वास आल्यास सगळेंच फेकून द्यावें. मांजराचें पिलूं भरडा चघळीत असेल तर मक्याऐवजीं दुसरें कांहीं वापरावें. हें आम्हीं त्यास कळविलें आहे.

आपल्याकडील पालकांस मात्र निराळें विचारावेंसें वाटतें. कणगीच्या तळाचें बुरसटलेलें धान्य 'जनावरांस चालेल' म्हणून आपण कोंबड्यांपुढें टाकितों, गाईस घालितों. त्या गाईच्या दुधांत या विषाचा अंश उतरतो, आणि तें दूध सायंकाळीं आपल्याच मुलांच्या पेल्यांत येतें.