संगणकातील गट आणि अधिकारांची वाटणी
(बी. कॉम. भाग दोन)

जो रोकड सांभाळतो त्यानेच खतावणी लिहू नये, हे अंतर्गत तपासणीचे तत्त्व आपण वाणिज्य शाखेत शिकतो. आता हिशेब संगणकावर लिहिले जातात. तेव्हा हे तत्त्व तेथे कसे पाळावयाचे, हे आपणास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

लिनक्स प्रणालीत प्रत्येक फाईलवर तिघांचे अधिकार नोंदलेले असतात : मालकाचा, गटाचा आणि इतरांचा. गट म्हणजे कन्नडमध्ये आपण 'गुंपु' म्हणतो तोच. ज्याचे नाव ज्या गटात, त्या गटाचे अधिकार त्याला मिळतात. 'एलपीॲडमिन' गट छपाईयंत्राची व्यवस्था पाहतो, 'ॲडम' गटाला यंत्राच्या नोंदवह्या वाचता येतात, तर 'सुडो' गटातील व्यक्ती सर्वाधिकारी होऊ शकते.

ही वाटणी प्रणाली बसवतानाच सुरू होते. उबंटूमध्ये त्या वेळी ज्याचे नाव लिहिले जाते, त्याला वरील तिन्ही गट आपोआप मिळतात. डेबियनमध्ये 'रूट' या सर्वाधिकाऱ्याचा सांकेतिक शब्द विचारला जातो. ती जागा कोरी ठेवली तरच पहिली व्यक्ती 'सुडो' गटात जाते. फेडोरात या गटाचे नाव 'व्हील' आहे. विंडोजमध्येही पहिले खाते व्यवस्थापकाचेच असते. मागाहून उघडलेल्या साध्या खात्यांना मात्र हा मान आपोआप मिळत नाही.

यातील धोका इंदूरला मामांकडे गेलो असता ध्यानात आला. सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात हिशेबाच्या संगणकावर उबंटू बसवलेले होते. कारागिराने विचारले, "यावर कोण बसणार?" आणि हिशेबनीसाचे नाव लिहून टाकले. हिशेबनीस सज्जन गृहस्थ आहेत. परंतु जो नोंद करतो तोच ती पुसू शकतो, शिवाय पुसल्याची खूणही पुसू शकतो, अशी ती व्यवस्था झाली. मालकांना याची कल्पनाच नव्हती.

उपाय सोपा आहे. पहिले खाते मालकाच्या किंवा जबाबदार व्यवस्थापकाच्या नावाने उघडावे व रोजच्या कामासाठी वापरू नये. हिशेबनीस, रोखपाल यांना स्वतंत्र साधी खाती द्यावीत. 'हिशेब' नावाचा गट करून हिशेबाच्या फाईली त्याच्याकडे सोपवाव्यात. नंतर गट वाढवताना 'युजरमॉड' आज्ञेत 'ॲपेंड'ची खूण विसरू नये; नाहीतर त्या व्यक्तीचे आधीचे जादा गट निघून जातात. नवा गट पुढच्या प्रवेशापासून लागू होतो, हेही लक्षात ठेवावे.

सारांश, प्रणाली बसवताना विचारले जाणारे नाव म्हणजे एक प्रकारचे मुखत्यारपत्रच होय. वकिलाच्या कचेरीत आपण असा कागद वाचल्याविना सही करत नाही. संगणकापुढेही तीच सावधगिरी हवी. आणि उद्याच्या हिशेब तपासनीसाने खतावणीबरोबर गटांची यादीही मागून घ्यावी.